मुक्या जिवाचे देणे

(होटगी येथील सभेत झालेले व्याख्यान)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो या गावाने माझ्या पदरात टाकला आहे. सकाळी गाडीतून उतरून गावात आलो, तो पारावर चार मंडळी बसली होती. एक मराठीत विचारी, दुसरा कानडीत उत्तर देई, आणि दोघांचेही कोठे अडत नव्हते. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनी मला जवळ बसवून घेतले व विचारले, "शहरात औषध शोधायला उंदीर, ससे, माकडे मारतात म्हणे. मग ते औषध घेणाऱ्याच्या माथी पाप बसते की नाही?" शेजारचा एक तरुण म्हणाला, "आजोबा, जत्रेला बकरे कापता, तेव्हा ते पाप कुठे जाते?" सगळे हसले. वृद्ध गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "बकरे मी खातो, ते लपवून ठेवत नाही. पण पिंजऱ्यात घालून रोग लावून मारणे हे निराळे आहे." या माणसाला उत्तर देणे मला प्राप्त आहे.

प्रथम हे कबूल करू की प्रश्न खरा आहे. बैलाच्या खांद्याला आलेला आवाळू ज्याने हाताने चोळला, व्यायलेल्या म्हशीपाशी ज्याने रात्र काढली, बेंदूर म्हणा, पोळा म्हणा, कारहुणवी म्हणा, त्या दिवशी ज्याने जनावराच्या पाया पडून मग घास घेतला, त्याला जनावराचे दुःख पुस्तकातून शिकवावे लागत नाही. बसवण्णांनी धर्माच्या मुळाशी दया ठेवली, ती या मुलखात अजून पुरती वाळलेली नाही. तेव्हा "जनावरच ते, त्याचे काय" असे म्हणून मी सुटू इच्छीत नाही.

पण हाच प्रश्न दुसरी एक जात विचारते, तिला मात्र मी आधी उलट प्रश्न करीन. यज्ञात पशू मारणे ज्यांच्या पोथीत पुण्य ठरले होते, त्यांचेच वारस आज प्रयोगशाळेतील सशासाठी डोळे पुसतात. पूर्वी पशू मारून स्वर्ग मिळत असे. तो कोणी पाहिला नाही. आता पशू मारून औषध मिळते. ते आपण पाहतो. असो. आपल्याही घरात डोकावू. मूल तापाने फणफणले की देवीला बकरे बोलणारे आपणच. त्या बकऱ्याच्या मरण्याने आजवर एकाही पोराचा ताप उतरलेला नाही. मग फुकट गेलेला जीव कोणता, आणि कामी आलेला कोणता, हे ज्याने त्याने सांगावे.

महात्मा गांधींनी 1909 साली लिहिलेल्या 'हिंद स्वराज्य'त डॉक्टरी विद्येवर आणि जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांवर कडक टीका केली आहे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तथापि 12 जानेवारी 1924 रोजी, येरवड्याचे कैदी असता, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली आणि त्यांचा जीव वाचला. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. पोटात कळ उठली म्हणजे महात्म्यालाही जी विद्या लागते, ती गरिबाला नाकारण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता आपल्या चळवळीच्याच घरातली एक गोष्ट. 1896 साली मुंबईत प्लेग आला. तेथे ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन नावाचा ओडेसाचा एक ज्यू शास्त्रज्ञ प्लेगच्या जंतूंपासून लस करू लागला. त्याने ती आधी सशांना टोचली. ज्यांना टोचली ते ससे पुढे प्लेगच्या जंतूंनाही टिकले, तेव्हा 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांची पाळी आली. आता तारखा नीट ऐका. 9 फेब्रुवारी 1897 रोजी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने वारले. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी ज्याने मिळवून दिली, 'दीनबंधु' ज्याने चालविला, तो हा पुरुष. आणि 10 मार्च 1897 रोजी पुण्याकडे सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपला मुलगा डॉक्टर यशवंत याच्या दवाखान्यात आणले, आणि रोग त्यांनाच लागला. हाफकिनने स्वतःला सुई टोचून घेतली, त्या दिवसापासून मोजले तर बरोबर दोन महिने. लस जन्मली होती, पण पाळण्याबाहेर आली नव्हती. ससे आणखी सहा महिने आधी मेले असते तर? हा प्रश्न मी मनात पुष्कळदा विचारतो. त्याला उत्तर नाही.

पुढे 1925 पर्यंत मुंबईहून या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या असा हिशेब सांगतात. त्याच वर्षी परळच्या प्रयोगशाळेला हाफकिनचे नाव मिळाले.

परंतु त्या ससे-उंदरांनी आपल्यावर याहून मोठा एक उपकार केला आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. प्लेग कसा पसरतो हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. कोणी हवा म्हणे, कोणी घाण म्हणे, आणि घाण म्हटले की बोट कोणाच्या वस्तीकडे जाते हे तुम्हांस सांगावयास नको. 1898 साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने दाखविले की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू दुसऱ्या उंदराला प्लेग देते. पुष्कळ दिवस त्याचे कोणी ऐकले नाही. नंतर 1905 पासून प्लेग कमिशनने परळला लहान लहान खोल्या बांधून त्यांत गिनीपिग सोडले. पिसवा होत्या तेथे निरोगी प्राणी मेले. पिसवा नव्हत्या तेथे निरोगी प्राणी रोग्याशेजारी एकत्र खाऊन पिऊन जगले. जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्यास प्लेग झाला नाही, कारण पिसू इतकी उंच उडी मारीत नाही. गाठीचा प्लेग माणसाच्या स्पर्शाने नव्हे, पिसवेच्या चाव्याने येतो, हे असे ठरले. ज्या देशात हजारो वर्षे स्पर्शाला दोष लावून माणसे गावाबाहेर ठेवली, त्या देशात एका मुक्या प्राण्याने स्पर्शाच्या बाजूने साक्ष दिली आणि ती देताना जीव दिला. त्या काळी या तुमच्या जंक्शनात सोलापूरहून रायचूरकडे जाणारी मोठी लाईन आणि विजापूर-गदगची लहान लाईन एकमेकींस भेटत. एकीतला माल उतरून दुसरीत चढे. धान्याच्या पोत्याबरोबर उंदीर जातो, उंदराबरोबर पिसू जाते. हे ज्ञान नसते तर पोते सुटले असते आणि हमाल दोषी ठरला असता.

आता कोणी म्हणेल, "जनावरे सोडा, थेट माणसांवरच करा प्रयोग, औषध माणसांसाठी आहे ना?" ऐकायला हे सरळ वाटते. मी विचारतो, पहिली सुई कोणाच्या दंडात? शेटजीच्या की भटजीच्या? इतिहास पाहा. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या थोर लोकांस अर्पण केले. त्याच अमेरिकेत, अलाबामा प्रांतात टस्कीगी येथे, 1932 पासून 1972 पर्यंत सुमारे चारशे काळ्या गरीब माणसांचा उपदंश रोग सरकारी डॉक्टर बरा न करता नुसता पाहत बसले. पेनिसिलीन हाताशी आल्यावरही त्यांना ते दिले नाही, आणि खरे काय ते सांगितले नाही. जर्मनीत नाझींनी कैद्यांवर काय केले ते जगजाहीर आहे. त्या खटल्याच्या निकालात 1947 साली न्यूरेंबर्गची जी संहिता झाली, तिच्यात मनुष्याची खुषीची संमती हे पहिले कलम आहे, आणि माणसावरचा प्रयोग आधी जनावरांवर मिळालेल्या ज्ञानाच्या आधाराने करावा, हेही तिने घालून दिले आहे. फार दूर कशाला? 2009-10 साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस मुलींना देऊन पाहण्यात आली. त्यांत वसतिगृहातल्या आदिवासी मुलीही होत्या, आणि कित्येकींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने 2013 साली यावर कडक ताशेरे ओढले. ती लस आधी तपासलेली होती, तरी संमतीच्या बाबतीत ही तऱ्हा. जनावराची पायरीच काढून टाकली तर त्या पायरीवर कोणाला उभे करतील, हे बहुजनसमाजाने इतरांहून आधी ओळखले पाहिजे.

म्हणून मी जनावरांवरील प्रयोगांच्या विरुद्ध नाही. पण येथेच थांबलो तर माझ्या हातून एक लबाडी होईल. जे न्याय आपण स्वतःसाठी मागतो, तेच दुसऱ्यास नाकारण्याची युक्ती आपल्यालाही येते. "त्याला बोलता येत नाही, त्याची संमती कशाला?" हे वाक्य आपल्याबद्दल कोणी बोलले होते की नाही? आपण जनावरापुढे भट होऊ नये. त्याचा जीव घेतला तर तो कर्ज म्हणून घेतला, दान म्हणून मिळाला नाही, हे ध्यानात ठेवावे. आणि कर्ज म्हटले की दोन गोष्टी आल्या: गरजेपुरतेच काढावे, आणि ज्या कामासाठी काढले त्याच कामी लावावे.

गरजेपुरते म्हणजे काय? ओठांची लाली आणि तोंडाची पावडर यांसाठी सशाच्या डोळ्यांत औषध घालीत असत. आपल्या देशाने 2014 साली ते बंद केले, उत्तम केले. बेडूक फाडून फाडून पिढ्या शिकल्या. आता कॉलेजांतून तेही बंद झाले आहे. 1960 च्या कायद्यातच लिहिले आहे की लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, टाळता येत असेल तर प्रयोग टाळावा, वेदना होणार असतील तर भूल द्यावी. कायदा चांगला आहे. पिंजऱ्यापाशी उभे राहून तो पाळला जातो की नाही हे पाहणारी माणसे हवीत, एवढेच.

शिवाय जनावराची साक्ष नेहमी खरी असते असेही नाही. 1957 साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध निघाले. उंदरांनी त्याचे मोठमोठे डोस पचविले, म्हणून ते निर्धोक ठरले. गरोदर बायांनी घेतले, आणि हजारो मुले हातापायांवाचून जन्मली. गाभण जनावरावर ते नीट तपासलेच नव्हते. नंतर तपासले, तेव्हा सशाने दाखविले ते उंदराने दाखविले नव्हते. 2006 साली लंडनमध्ये सहा निरोगी तरुणांना एक नवे औषध टोचले. माकडांना त्याच्या पाचशे पट मात्रा देऊन काही झाले नव्हते. हे सहाही जण काही तासांत मरणाच्या दारी गेले. तेव्हा पिंजऱ्यातले उत्तर म्हणजे वेदवाक्य नव्हे. माणसाच्या पेशी काचेत वाढवून त्यांवर औषध पाहण्याच्या पद्धती आता निघाल्या आहेत. अमेरिकेने 2022 च्या अखेरीस आणि आपल्या देशाने 2023 साली नियम बदलून अशा पद्धतींस दार उघडले. जेथे त्या पुरतील तेथे जनावर सुटलेच पाहिजे. त्या अजून सगळीकडे पुरत नाहीत, हेही खरे.

आणि सगळे प्रयोग माणसाच्याच फायद्याचे असतात हा एक समज आहे, तोही काढून टाका. बुळकांडीचे नाव म्हाताऱ्यांना विचारा. एका पंधरवड्यात दावणी ओस पडत, पेरणीला बैल उरत नसे. गुरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा 1889 साली निघाली ती आपल्या पुण्यात. 1893 साली ती हिमालयात मुक्तेश्वरास हलविली. तेथे पुढे एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, दुसरीतून तिसरीत असा नेत नेत मवाळ केला आणि त्याची लस केली. 2011 साली बुळकांडी साऱ्या पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवी रोगानंतर असा समूळ गेलेला हा दुसराच रोग. 2022 साली महाराष्ट्रात लंपी आला, तेव्हा गाईबैलांना जी लस टोचली ती शेळ्यांच्या देवीची. शेळी ही गरिबाची गाय असे म्हणतात. ती गाईचीही दाई निघाली.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा आहे तिकडे येतो. येथे ज्वारी काढणारे, ऊस तोडणारे, रात्री पाणी धरणारे पुष्कळ बसले आहेत. नाग, घोणस, मण्यार, फुरसे ही नावे तुम्हांस मी सांगणे म्हणजे लोहारास भाता दाखविणे. आपल्या देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे दरसाल सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यांत शहरातले बंगलेवाले किती असतील? साप ज्याच्या पायाला चावतो त्याच्या पायात बहुधा वहाण नसते.

याच्यावरचे औषध कसे होते ते ऐका. तामिळनाडूत इरुळा नावाचे आदिवासी आहेत. त्यांची 1978 साली स्थापन झालेली सहकारी सोसायटी आहे. ते जिवंत साप पकडतात, विष काढून घेतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. देशातील प्रतिविषाला लागणारे बहुतेक विष तेथून येते. ते विष अगदी थोड्या थोड्या मात्रेने घोड्याला टोचतात. महिनोन् महिने हे चालते. घोड्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्य तयार झाले की रक्त काढून ते द्रव्य वेगळे करतात. परळच्या हाफकिनमध्ये या कामी शर्यतीचे थकलेले घोडेही येत. पुण्याच्या पूनावाला यांच्या फार्मातून असे घोडे तिकडे जात, आणि त्यातूनच 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली. श्रीमंताच्या पैजेसाठी धावलेला घोडा म्हातारपणी रक्त देतो, ते शेतमजुराच्या शिरेत जाते. एवढे झाल्यावर शेवटची परीक्षा उंदरावर. विष आणि औषध मिसळून उंदरांना टोचतात, आणि किती मेले, किती जगले ते मोजतात. औषधाच्या एका मिलिलिटरने नागाचे 0.6 मिलिग्रॅम, घोणशीचे 0.6, मण्यारीचे 0.45 आणि फुरशाचे 0.45 मिलिग्रॅम विष मारलेच पाहिजे, असे आपल्या देशाचे मानक आहे. बाटलीवर शिक्का बसतो तो त्या उंदरांच्या जिवावर.

अशी ही साखळी आहे: आदिवासी, साप, घोडा, उंदीर, आणि शेवटी तुम्ही. हिच्यात एकही वरचा नाही, सगळे खालचेच. आणि साखळी तुटते कोठे? उंदरापाशी तुटत नाही, घोड्यापाशी तुटत नाही. ती शेवटच्या दहा कोसांत तुटते. माझ्या पाहण्यातील एक मजूर बाई. कडब्याच्या पेंढ्या उचलताना हाताला घोणस डसली. घरच्यांनी आधी मंत्र घालणाऱ्याकडे नेले. त्याने तीन तास लिंबाचा पाला फिरविला, दक्षिणा घेतली. मग दवाखाना. तेथे बाटल्या संपलेल्या. पुढच्या गावी नेता नेता बाई गेली. मी विचार करतो, त्या बाईसाठी किती उंदीर मेले होते, किती घोड्यांनी रक्त दिले होते! ते सारे वाया गेले. ज्यास पाप म्हणायचे ते हे. वृद्ध बाबांना माझे उत्तर हेच आहे. पाप प्रयोगशाळेत लागलेच असेल तर थोडे लागले असेल. मंत्र्याच्या ओट्यावर आणि रिकाम्या कपाटात मात्र ते पोत्याने भरलेले आहे.

येथे एक शास्त्रातलीही खोच आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांतात बदलते, असे संशोधकांनी दाखविले आहे. तामिळनाडूच्या सापाच्या विषावर उतरलेले औषध दुसऱ्या प्रांतातील सापावर तितकेच चालेल याची खात्री नाही. म्हणजे उंदराने दिलेली साक्ष तिकडच्या सापाविषयी आहे, आणि आपल्याला चावतो तो इकडचा. आपल्या मुलखातील सापांचे विष घेऊन औषध तपासावे, ही मागणी आपण केली पाहिजे. त्याला आणखी काही उंदीर लागतील, ते मी डोळे उघडे ठेवून मागतो. ग्रामीण डॉक्टरानेही किती करता येते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर गरिबीतून शिकले. कोकणात विंचवाने पोरे पटापट मरत, तेव्हा त्यांनी रक्तदाबाच्या प्राझोसीन या जुन्या गोळीचा उपयोग करून कित्येक जीव वाचविले. औषध जुने, परीक्षा झालेले, कपाटात पडलेले. ते रोग्यापर्यंत नेणारा माणूस मात्र नवा लागला.

जाता जाता माकडांचे सांगतो, कारण सकाळी एकाने मारुतीचे नाव काढले. 2020 साली करोनाची देशी लस तपासण्यासाठी पुण्याच्या विषाणू संस्थेला लाल तोंडाची माकडे हवी होती. टाळेबंदीत लोकांनी खाऊ टाकणे बंद केल्यामुळे माकडे रानात पांगली होती; शेवटी नागपूरकडे सापडली. वीस माकडांवर परीक्षा झाली, आणि पुढल्या वर्षी आपण सगळे हात पुढे करून रांगेत उभे राहिलो. रांगेत मारुतीचे भक्त होते, मीही होतो. कोणी विचारले नाही. आज विचारले, हे बरे झाले.

तर आता कामाचे बोलू. येत्या ग्रामसभेत कोणीतरी उठून एवढेच विचारावे: आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पविषावरील औषधाच्या बाटल्या आज किती आहेत? एकदोन असून भागत नाही. विष चढलेल्या रोग्यास सुरुवातीलाच आठ ते दहा बाटल्या लागतात. त्या कोणत्या तारखेपर्यंत चालतात, रात्री त्या देणारा कोण आहे, आणि एकशे आठची गाडी येथे यायला किती वेळ घेते? उत्तर कागदावर लिहून घ्या आणि चावडीवर लावा. साप चावला तर दोरी आवळू नका, जखम कापू नका, विष चोखू नका. हात किंवा पाय हलू न देता गाडी करा. मंत्र घालणारा आडवा आला तर त्यालाही गाडीत घ्या, त्याची दक्षिणा नंतर पाहू. मी पुन्हा दोन महिन्यांनी येतो, तेव्हा तो कागद मला दाखवा.